श्रीसूक्त म्हणावे, यंत्र घेऊ नये

शंका : एक वाचक भगिनी दर शुक्रवारी तिन्हीसांजेला श्रीसूक्त म्हणतात. ओळखीच्या गुरुजींनी त्यांना बजावले, ‘बायकांचे स्वर चुकतात, लक्ष्मी येण्याऐवजी रुसते. त्यापेक्षा अनुष्ठान करवून घ्या, सिद्ध केलेले श्रीयंत्र देव्हाऱ्यात ठेवा.’ शिवाय त्यांच्या मनाला एक टोचणी आहे : देवीकडे पैसा मागणे हा लोभ तर नव्हे? त्यापेक्षा नुसती कृतज्ञता व्यक्त करावी का?

समाधान : मागण्यात गैर काही नाही. ऋग्वेदाच्या खिलभागातले, म्हणजे परिशिष्टातले, हे सूक्त म्हणजे मुळात मागणेच, तेही आडपडदा न ठेवता. ‘लक्ष्मीला घेऊन ये’ असे अग्नीला सांगायचे आणि मग सोने, गाई, घोडे, अन्न, कीर्ती सारे मागायचे. पण ही लक्ष्मी तिजोरीत मावणारी नाही. कर्दम आणि चिक्लीत, म्हणजे चिखल आणि ओल, हे तिचे पुत्र. नवव्या ऋचेत तर ती शेणाने समृद्ध आहे. भूक आणि तहान ही अलक्ष्मीची खूण, आणि तिला घराबाहेर काढायचे आहे.

स्वरांचे म्हणाल तर ते जाणत्याकडून शिकून घेतलेले बरे. मात्र स्वर चुकला की मंत्र उलटतो, असा धाक घालायला जी वृत्रासुराची गोष्ट सांगतात, तिच्यात स्वर चुकला तो त्वष्ट्याच्या यज्ञात. तिथे कोणी बाई नव्हती! पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवले, आणि ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात. गणपती रुसल्याचे ऐकिवात नाही.

आता यंत्र. सूक्ताच्या पंधरा ऋचांत त्याचा उल्लेखही नाही. फलश्रुती सांगते, शुचिर्भूत होऊन रोज तुपाची आहुती द्यावी, सूक्त जपावे. दुसऱ्याकडून भाड्याने जपवून घ्या, असे ती कुठे म्हणते? घराचा हप्ता थकलेला, मुलांची फी राहिलेली, अशाच दारात नेमके अनुष्ठानाचे दरपत्रक उघडते. अकरा आवर्तनांचे इतके, हजाराचे तितके, यंत्र वेगळे. अडलेल्या माणसाला उसनवारी करायला लावून दक्षिणा घेणारा त्या घरात अलक्ष्मीच आणून सोडतो. याला धर्म म्हणायची आपली जीभ तरी कशी वळते?

कृतज्ञता नुसती बोलून नव्हे, देऊन व्यक्त करायची. त्याला एकच आधार पुरेसा आहे : ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले भिक्षु आंगिरसाचे एकशेसतरावे सूक्त. घरात अन्न असून दारच्या भुकेल्याकडे पाठ फिरवणाऱ्याला ते चांगलेच खडसावते. आपण लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. आदल्या दिवशी बाजारात ती शिंदीच्या पानांची केरसुणी वळणाऱ्या बाईशी मात्र दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. तिने सांगितलेली किंमत मुकाट्याने द्यावी, कृतज्ञतेची सुरुवात तिथून होते.

तेव्हा भगिनींनी शुक्रवारचा नेम मोडू नये. गुरुजी पुन्हा आले तर चहा जरूर द्यावा. यंत्राची पिशवी मात्र उघडू देऊ नये.