कच्च्या मडक्यातली पिल्लं

पंढरपूरच्या राका कुंभारांची गोष्ट महिपतींनी ‘भक्तविजया’त सांगितली आहे. एका कच्च्या मडक्यात मांजरीनं पिल्लं घातली होती आणि राकांना त्याचा पत्ता नव्हता. आवा रचला, पेटवला, आणि मांजर ओरडत भोवती फिरू लागली तेव्हा सारा प्रकार ध्यानात आला. पेटलेला आवा उघडता येत नाही. राकांनी पांडुरंगाला साकडं घातलं, पिल्लं वाचली तर घरदार लुटवून टाकीन म्हणाले. आवा उघडला तेव्हा तेवढं एक मडकं कच्चं राहिलं होतं आणि आत पिल्लं जिवंत होती. राकांनी शब्द पाळला आणि रानातली वाळकी लाकडं वेचून ते गुजराण करू लागले.

या गोष्टीत मला चमत्काराहून राकांची तगमग मोठी वाटते. आव्यात कुंभाराची कितीतरी दिवसांची मेहनत असते. तिच्यासकट सगळा संसार त्यांनी मांजरीच्या पिल्लांवरून ओवाळून टाकला.

मातीत हात घालणाऱ्याला बारीक जिवांची सोबत असतेच. तळ्याचा गाळ आणला की गांडूळ येतं, आणि मळलेल्या ओल्या मातीवर कुंभारीण माशी उतरते. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, केळणा नदीच्या काठी, १९७३मध्ये उत्खनन झालं आणि सातवाहन काळातली भांडी, मातीच्या मूर्ती मिळाल्या. दोन हजार वर्षांपूर्वी तिथं माती मळणाऱ्याच्या चिखलावरही हीच माशी येऊन बसत असणार.

तिचं काम एकदा जवळून पाहावं. मातीत पाणी कालवून ती बारीक गोळी करते, जबड्यात धरून नेते आणि गोळीला गोळी जोडत पोट फुगीर, तोंड निमुळतं आणि काठ बाहेर वळलेला असं इवलंसं मडकं उभं करते. तिला ना चाक लागतं, ना आवा. आत बारीक धाग्यावर एक अंडं टांगते, नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरते, तोंड लिंपते आणि निघून जाते. आतून बाहेर येणारं पिल्लू तिला कधी दिसत नाही.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं केलेल्या चोवीस गुरूंमध्ये ही माशी आहे. पैठणच्या एकनाथांनी तो स्कंध मराठीत आणला. कोंडलेली अळी माशीचंच चिंतन करत माशी होते, असं तिथं सांगितलं आहे. अळी आत जाते आणि माशी बाहेर येते, हे जुन्यांनी अचूक पाहिलं होतं. प्रत्यक्षात माशीचं पिल्लू ती अळी खाऊन वाढतं. हे कठोर आहे, आणि तरी मला त्या आईच्या कष्टांबद्दल आदरच वाटतो. एक मडकं कुणी पाडलं तर ती पुन्हा पहिल्या गोळीपासून कामाला लागते. स्टील आणि प्लास्टिकनं ज्यांचा बाजार हिरावून घेतला, त्या कुंभारांना याहून खरा धीर कोण देणार? तेही संक्रांतीला सुगडं घडवतात, आणि ज्यांच्या दावणीला बैल नाही त्यांच्यासाठी पोळ्याला मातीचे बैल.

आज घर झाडताना खिडकीच्या कोपऱ्यात असं मडकं दिसलं तर झाडू जरा थांबवा. ही माशी एकटी राहते, पोळ्यावरच्या गांधीलमाश्यांसारखी अंगावर धावून येत नाही. मडक्याला भोक पडलेलं असेल तर पिल्लू उडून गेलेलं आहे, खुशाल काढून टाका. तोंड लिंपलेलं असेल तर आत जीव आहे. काही आठवडे तो कोपरा तसाच राहू द्या.