शेजारची किल्ली

बेळगावात आमच्या शेजारी एक कानडी कुटुंब राहत असे. गावाला जाताना अक्का घराची किल्ली आमच्या आईकडे ठेवून जात. कानडीत ‘कीली’ म्हणजे कुलूप आणि आपली ‘किल्ली’ ते उघडणारी; त्यावरून दोघी नेहमी हसत. एकदा ती किल्ली आईकडून हरवली. ‘सापडेल, इतक्यात बोलू नको,’ असे घरातले म्हणाले. आईने त्याच दुपारी हुबळीला निघालेल्या माणसाकरवी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी अक्कांचे भाऊ येऊन कुलूप बदलून गेले.

हे आठवले नातवामुळे. तो ज्या साइटवर ऑनलाइन खेळतो, तिथून खात्यांची माहिती चोरीस गेली. तो म्हणाला, ‘‘आजोबा, चोरी त्यांच्याकडे झाली. माझा काय दोष?’’

प्रश्न सोपा नाही. एप्रिल 2011 मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये चोर शिरले. खाती सुमारे 7 कोटी 70 लाख. 20 तारखेला कंपनीने सेवा बंद केली. पण नावे, पत्ते, जन्मतारखा, पासवर्ड चोरांच्या हाती गेल्याचे खातेदारांना सांगितले 26 तारखेला. तपासाला वेळ लागला, असे कंपनीचे म्हणणे. 1 मे रोजी टोकियोत अधिकाऱ्यांनी वाकून क्षमा मागितली. 2013 मध्ये ब्रिटनमध्ये अडीच लाख पौंडांचा दंडही झाला. मला मात्र ते सहा दिवस अधिक खटकतात. तेवढ्यात कितीतरी जणांना आपली कुलपे बदलता आली असती. ठेव सांभाळताना चूक होऊ शकते. ती झाल्यावर मालकाला अंधारात ठेवण्याचा अधिकार कोणी दिला?

मग नातवाला विचारले, ‘‘हाच पासवर्ड आणखी कुठे आहे?’’ तो गप्प झाला. मेललाही तोच होता. एका ठिकाणी मिळालेला पासवर्ड चोर दहा दारांना लावून पाहतात, आणि त्या मेलवर सूनबाईंच्या बँकेचे कागद होते. खेळाच्या दाराला त्याने घराचीच किल्ली लावली होती. राखणाऱ्याचे चुकले म्हणून ठेवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही; आणि ठेवणारा गाफील होता म्हणून राखणाराही सुटत नाही.

त्या संध्याकाळी प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड दिला. मेलला, मोबाइलवर आकडा आल्याशिवाय न उघडणारी दुसरी कडी लावली. उरले एकच काम.

‘‘आईला उद्या सांगू? आज रागावेल.’’

‘‘आजच,’’ मी म्हणालो.