वनाचा स्वामी कोण?

स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात उज्जयिनीच्या भूमीला महाकालवन म्हटले आहे. आज त्या वनाचे नाव तेवढे उरले आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले; परंतु मंदिर जसे उभारता येते तसे वन उभारता येत नाही. क्षिप्रा तर इतकी आटली की, २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून, माळव्याच्या पठारावर चढवून तिच्यात सोडावे लागते. २०१६ च्या सिंहस्थातील स्नानेही मुख्यत्वे त्याच पाण्यात झाली. देवाचे वन नाहीसे झाले तर त्याचा जाब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न या नगरीत राहणाऱ्यास टाळता येण्यासारखा नाही.

उत्तरासाठी सह्याद्रीकडे पाहिले पाहिजे. तेथे मनुष्यवस्ती झाली ती रान तोडूनच, हे नाकारण्यात अर्थ नाही. डोंगरउतारावर कुमरीची शेती झाली, दऱ्यांत भाताची खाचरे पडली, गुरांसाठी कुरणे राखली गेली. मात्र तोडणाऱ्याच हातांनी गावोगाव एक तुकडा देवाच्या नावे सोडला. त्यास घाटावर देवराई आणि गोव्यात देवराय म्हणतात. तेथे कोयता चालत नसे. पुष्कळ ठिकाणी देवावर छप्परही नसे. वृक्ष हेच त्याचे देऊळ. या नियमामागे भय होते असे कोणी म्हणेल. पण १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ व डॉ. वर्तक यांनी या राया अभ्यासल्या, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी आपली राई वाचविण्याचा आग्रह धरला, तो तिच्यातून वाहणाऱ्या झऱ्यासाठी. भयाच्या आवरणाखाली अनुभवाचे शहाणपण नांदत होते.

पुढे १८६५, १८७८ आणि १९२७ या वर्षांच्या वनकायद्यांनी सरकार हे रानाचे धनी झाले. गावाचा वहिवाटीचा हक्क सवलत ठरला, आणि जे आपले नाही ते राखण्याची जबाबदारीही लोकांच्या मनातून उतरली. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मान्य केला. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देववनांच्या खटल्यात त्यांची मोजणी करून त्यांना वन म्हणून संरक्षण देण्याचा आदेश दिला आणि केंद्र सरकारने देशभरासाठी धोरण आखावे असे सुचविले. हे स्वागतार्ह आहे. तथापि सरकारी रखवालदार नेमल्याने स्वामित्वाचा नैतिक प्रश्न सुटत नाही.

आपल्या न्यायशास्त्रात देवता ही विधिमान्य व्यक्ती आहे. तिचे हित दुसऱ्याने पाहावयाचे असल्याने तिला नित्य अज्ञान मानतात. मध्यप्रदेशातील पुजाऱ्यांच्या खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, देवस्थानच्या जमिनीची मालक देवता असून पुजारी हा केवळ व्यवस्था पाहणारा सेवक आहे. अज्ञानाची मिळकत निकडीच्या गरजेवाचून अथवा त्याच्या हितावाचून विकता येत नाही, हा दंडक प्रिव्ही कौन्सिलने १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात घालून दिला, आणि पुढे तो देवस्थानांच्या व्यवस्थापकांसही लागू झाला.

हीच कसोटी राईस लावून पाहावी. जीर्णोद्धारासाठी जुने वृक्ष विकून सिमेंटचा सभामंडप बांधणारे विश्वस्त म्हणतात, ‘देवाचेच देवाला वाहिले.’ त्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. भाविकांना उन्हापावसात आसरा हवा, हेही खरे. पण मंडपाची सोय भाविकांची होते. वृक्ष, पाखरे आणि झरा ही मिळकत देवाची जाते. एकाची सोय दुसऱ्याच्या हिताच्या सदरात मांडणे हे कोणत्याही पालकास शोभणारे नाही. मंडप राईबाहेरच्या जागेत, लोकवर्गणीतून बांधता येतो.

वनाचा स्वामी देव आहे असे मानणाऱ्याने स्वतःस त्याचा वारस समजू नये, पालक समजावे. पालकाला हिशेब द्यावा लागतो. देव तो मागावयास येत नाही. पण पुढील पिढी घागर घेऊन झऱ्यावर जाईल, तेव्हा तो आपोआप मागितला जाईल. कोणत्याही देवस्थान समितीने झाडाला कुऱ्हाड लावण्याचा ठराव मांडण्यापूर्वी हा हिशेब सभेपुढे ठेवावा, एवढेच सुचवावेसे वाटते.