चित्राची नजर

चित्र आपण पाहायचे असते, हे इतके गृहीत धरलेले आहे की त्याविषयी कुणी बोलतसुद्धा नाही. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातली जुनी ख्रिस्ती चित्रे पाहताना मात्र ही समजूत उलटी करून घ्यावी लागते. तिथे चित्र पाहते आणि माणूस त्याच्या नजरेखाली उभा असतो.

गोंदरच्या देब्रे बिरहान सेलासी चर्चचे छत पाहा. तुळयांच्या मधल्या जागेत देवदूतांचे पंख लावलेले नुसते चेहरे ओळीने रंगवले आहेत. शंभराहून अधिक चेहरे, टपोरे डोळे, आणि सगळ्यांची नजर खाली, प्रार्थनेला जमलेल्यांवर. या परंपरेत डोळ्यांचा एक नियमच आहे. संत, देवदूत, भली माणसे समोरून काढायची, दोन्ही डोळ्यांनिशी. सैतान, येशूला दगा देणारा यहूदा इस्कर्योत, छळ करणारे शिपाई बाजूने, एकाच डोळ्याचे. 1 मार्च 1896 रोजी अडवा इथे इथिओपियाने इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवला. त्या लढाईची लोकचित्रे पुढे अनेकांनी काढली, तेव्हाही हा नियम सुटला नाही. इथिओपियन सैनिक आपल्याकडे तोंड करून असतात आणि इटालियन बाजूने दिसतात. मला हा नियम फार व्यवहारी वाटतो. दुष्टाला चित्रात जागा द्यावी लागते, पण त्याची पुरी नजर भाविकावर पडू द्यायची नाही.

नजरेवरचा हा विश्वास सर्वांत ठाशीव दिसतो तो औषधी गुंडाळ्यांत. दीर्घ दुखणे, वांझपण, पोटातच दगावणारी मुले यांनी गांजलेले माणूस देबतेराकडे जाई. देबतेरा म्हणजे चर्चच्या पाठशाळेत शिकलेला, स्तोत्रे गाणारा, पण दीक्षित पाद्री नसलेला जाणकार. तो मेंढराचे किंवा बकरीचे कातडे भिजवून, लाकडी चौकटीवर ताणून, खरवडून चर्मपत्र करी. त्याच्या अरुंद पट्ट्या कापून एकीला एक शिवत जाई, आणि ही लांबी रोग्याच्या उंचीएवढी भरे, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत कुठलीही जागा उघडी राहू नये. मग बोरूने, काळ्या शाईत, गेएझ या धर्मभाषेत प्रार्थना उतरवायच्या. रोग्याचे बाप्तिस्म्याचे नाव तांबड्या शाईत. घोड्यावर बसून भाल्याने वर्झेल्याला मारणारा संत सुसन्योस बऱ्याच गुंडाळ्यांत भेटतो. वर्झेल्या ही तान्ह्या बाळांचा जीव घेणारी राक्षसीण. या गुंडाळ्या बायकांसाठी जास्त का करून घेतल्या जात, ते या कथेवरूनच कळते.

मजकुराच्या अधेमधे चित्रे येतात: आठ टोकांचे तारे, जाळीसारखी गुंफण, आणि त्या गुंफणीतून रोखून बघणारे डोळे. ते शोभेसाठी नाहीत. फ्रेंच अभ्यासक जाक मर्सिए यांनी या कलेत आयुष्य घातले. त्यांनी केलेला उलगडा असा की, अंगात शिरलेले भूत रोग्याच्याच डोळ्यांतून बाहेर बघत असते. समोर गुंडाळी उलगडली की त्याची गाठ त्या रंगवलेल्या डोळ्यांशी पडते आणि ते भिऊन पळते. म्हणजे चित्र रोग्यासाठी असले तरी त्याचा खरा प्रेक्षक ते भूत. एरवी गुंडाळी चामड्याच्या डबीत बंद होऊन गळ्यात लटकते. कलाकृती म्हणून तिची किंमत करायला बसलेल्या माणसाची इथे पंचाईत होते.

आता या विश्वासाची दुसरी बाजू. चांगली नजर तारते असे मानणारा समाज वाईट नजरेला भिणारच. दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. प्रश्न एवढाच की, ही नजर कुणाच्या कपाळी मारायची? इथिओपियाच्या उंच पठारावर ती लोहार आणि कुंभारांच्या कपाळी आली. त्यांना ‘बुदा’ म्हणत: यांची नजर माणसाला आतून खाते, आणि रात्री हे तरस होऊन फिरतात. ज्या देबतेराच्या गुंडाळीत भुताखेतांविरुद्ध मंत्र असत, तिच्यातच बुदाविरुद्धही असत.

लोहाराशिवाय नांगराचा फाळ नाही, कुंभारणीशिवाय जेबेना, म्हणजे कॉफीची सुरई नाही. तरीही भीती त्यांचीच. आगीने माती-लोखंडाचे रूप पालटणाऱ्याविषयी गूढ भीती वाटते, असे याचे स्पष्टीकरण बरेचदा दिले जाते. मला ते अर्धेच पटते. गोंदर भागातले बेटा इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू, यांच्यातले कितीतरी जण जमिनीच्या वारसाहक्काला मुकले आणि लोहारकी, विणकाम, कुंभारकाम यांवर जगू लागले. ज्याच्याकडे शेत नाही आणि ज्याच्यावाचून आपले शेत चालत नाही, अशा माणसाला लांब ठेवायला नजरेची भीती फार सोयीची पडते. सम्राट मेनेलिक दुसरा याला तर 1908 मध्ये जाहीरनामा काढून सांगावे लागले की, कारागिराला त्याच्या धंद्यावरून हिणवू नका.

गोंदरजवळच्या वोलेका गावात बेटा इस्राएल बायका भांडी आणि मातीच्या छोट्या मूर्ती करत. या समाजाचे हजारो लोक 1984-85 मध्ये सुदानमार्गे इस्रायलला गेले. मे 1991 मध्ये सुमारे 14 हजार जणांना विमानांनी दीड दिवसात तिकडे नेण्यात आले. वोलेकाच्या रस्त्याकडेला पर्यटकांसाठी मातीच्या मूर्ती त्यानंतरही मांडल्या जात राहिल्या, जुन्या कुंभारणींच्याच नावाने. घडवणाऱ्या मात्र त्यांच्या ख्रिस्ती शेजारणी.