खोड नसलेला वड

आमच्या गावच्या वेशीवर वड आहे. लहानपणी आम्ही त्याच्या पारंब्यांना लोंबकळायचो, पण मनात भरायचं ते खोड. चौघांनी हात धरले तरी कवेत न मावणारं. ज्येष्ठी पौर्णिमेला आजी त्यालाच सूत गुंडाळायची. टिकून राहायचं तर असं खोड हवं, ही समजूत तेव्हाच रुजली असावी. आबा गेले तेव्हा त्या समजुतीनेच मला खचवलं. घराचं खोडच गेलं, आता बाकीचं किती दिवस उभं राहणार?

पुढे कामासाठी कोलकात्याला गेलो असता हावड्यातल्या शिबपूरचं वनस्पती उद्यान पाहिलं. उद्यान १७८७ सालचं. तिथला वड त्याहूनही जुना, अडीचशे वर्षांच्या पुढचा मानला जातो. लांबून ते एक झाड वाटतच नाही, राई वाटते. हजारो पारंब्यांचे खांब. सवयीने मी मधलं खोड शोधू लागलो, आणि ते नव्हतंच. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत झाडाला मोठ्या जखमा झाल्या, पुढे बुरशीने खोड पोखरलं, १९२५ मध्ये ते कापून काढावं लागलं. झाड मात्र पसरतच राहिलं. भोवती आखलेला रस्ताही त्याला पुरला नाही.

कुंपणाबाहेर उभा राहून मी रडलो. मोठा आधार गेला तरी जगता येतं, एवढंच त्या दिवशी कळलं आणि तेवढ्याने बरं वाटलं.

पण ते समाधान फार दिवस पुरलं नाही. खोड गेल्यावर कितीतरी झाडं मरतात. मग हाच वड कसा राहिला?

उत्तर पारंबीत आहे. ती फांदीतून सुतळीसारखी निघते आणि कित्येक दिवस अधांतरी असते. माती लागली की तिला मुळं फुटतात, ती जाड होते, तिचं लाकूड होतं आणि ती जमिनीतलं पाणी थेट आपल्या फांदीला पोचवू लागते. म्हणजे १९२५ साली कुऱ्हाड पडली तेव्हा फांद्या आधीच आपापल्या पायांवर पाणी पीत होत्या. खोड धडधाकट असतानाच ही तयारी सुरू झाली होती. संस्कृतात वडाला न्यग्रोध म्हणतात, खाली वाढणारा. हे नाव ठेवणाऱ्याने झाड किती नीट पाहिलं असेल!

जाण्याच्या आदल्या वर्षी आबा मला सातबारा, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, सोसायटीचा हप्ता पुन्हा पुन्हा समजावून सांगत. मी कंटाळून हूं हूं करायचो. त्या हूं हूं मधूनच ते सगळं खाली उतरलं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

२०२० च्या अम्फान वादळात शिबपूरच्या वडाचंही नुकसान झालं. तो अभेद्य नाही, आणि मला आता त्याने तसं असावं असं वाटतही नाही. राग येतो तो आपल्या रस्त्याकडेच्या वडांकडे पाहून. वाहनांना लागतात म्हणून आपण त्यांच्या पारंब्या कापतो; त्या कधी जमिनीला टेकतच नाहीत. मग वादळात झाड आडवं झालं की म्हणतो, म्हातारं झालं होतं.

यंदा मृगाआधी गावी गेलो. वेशीवरच्या वडाची एक पारंबी, पोरांच्या हातून कशी कोण जाणे वाचलेली, जमिनीपासून वीतभर राहिली होती. आईने खुरप्याने तिच्याखाली माती ओढली, आळं केलं आणि भोवती बोरीच्या काट्या लावल्या.