दोन इंजेक्शने आणि बावीस वर्षे

विद्यापीठातले वैद्यकीय संशोधन म्हणजे प्रयोगशाळेत कुणाला तरी काहीतरी नवे सापडणे, ही सर्वसाधारण समजूत अर्धीच खरी आहे. कारण जे सापडले ते किती जणांना, कोणत्या परिस्थितीत आणि कशाच्या बदल्यात उपयोगी पडते, हे ठरवण्याचे काम त्यानंतरच सुरू होते, आणि ते मूळ शोधापेक्षा अधिक काळ चालते, अधिक खर्चाचे असते, शिवाय त्याच्या वाट्याला वाहवाही कमी येते. प्रजननाचे जीवशास्त्र, प्रसूतिशास्त्र आणि उपयोजित संख्याशास्त्र ही तीन शास्त्रे एका प्रश्नाभोवती एकत्र आली तर काय साधते आणि ती आपापल्या इमारतींत बसून राहिली तर त्याची किंमत कोण मोजते, याचे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांवरील संशोधनाइतके स्पष्ट उदाहरण आधुनिक वैद्यकात क्वचितच सापडेल.

सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेले मूल दगावते तेव्हा बहुधा त्याचा श्वास त्याला साथ देत नाही. फुप्फुसातल्या सूक्ष्म वायुकोशांच्या आतल्या बाजूला पाण्याचा पातळ थर असतो आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे, म्हणजे आपला पृष्ठभाग आकसून घेण्याच्या त्याच्या ओढीमुळे, प्रत्येक उच्छ्वासानंतर ते कोश मिटून जाण्याची शक्यता असते. दिवस भरत येतात तसतशा गर्भाच्या फुप्फुसातल्या विशिष्ट पेशी ‘सर्फॅक्टंट’ नावाचा एक स्निग्ध पदार्थ तयार करू लागतात. तो हा ताण कमी करतो आणि कोश उघडे राहतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हाच पदार्थ पुरेसा नसतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. कारण कळले तरी उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉन केनेडी यांचा चौतीस आठवड्यांचा मुलगा पॅट्रिक याच विकाराने जन्मानंतर दोन दिवसांच्या आत गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान कुटुंबालाही त्या वेळी मिळू शकत होता तो फक्त प्राणवायूचा दाब.

उपाय सापडला तो न्यूझीलंडमध्ये, आणि तोही दुसऱ्याच प्रश्नाचा शोध चालू असताना. ऑकलंड विद्यापीठाशी जोडलेल्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधले प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स यांना प्रसूतीच्या कळा नेमक्या कशाने सुरू होतात हे शोधायचे होते. मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून त्यांनी दाखवले की त्याची आज्ञा आईच्या नव्हे, तर गर्भाच्या शरीरातून सुटते: गर्भाची पियूषिका ग्रंथी नष्ट केली तर मेंढीचे दिवस उलटून जातात आणि गर्भाला कॉर्टिसॉलच्या जातीचे संप्रेरक दिले तर ती लवकर विते. मेंढीचे दिवस भरतात ते सुमारे १४७व्या दिवशी. पण संप्रेरक दिलेले एक कोकरू ११७व्या दिवशी जन्मूनही काही काळ श्वास घेत राहिले. त्या वयाच्या कोकराच्या फुप्फुसांनी हवा धरायलाच नको होती, आणि शवविच्छेदनात मात्र ती अंशतः फुगलेली दिसली. एका कोकराच्या फुप्फुसातली ही विसंगती दुर्लक्षून मूळ प्रश्नाकडे वळणे सहज शक्य होते. लिगिन्स यांनी तसे केले नाही, हा त्यांच्या निरीक्षणाचा मोठेपणा. गर्भाच्या शरीरात दिवस भरताना कॉर्टिसॉल आपसूक वाढते आणि फुप्फुसे पिकवते. औषधाने तीच वेळ अलीकडे आणता येईल, असे अनुमान त्यांनी बांधले व ते १९६९ मध्ये प्रसिद्ध केले.

यानंतर त्यांनी जे केले ते शोधाइतकेच महत्त्वाचे आहे. औषध चांगले वाटते म्हणून प्रत्येक बाईला ते देत सुटण्याऐवजी त्यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह डिसेंबर १९६९ मध्ये यादृच्छिक चाचणी सुरू केली. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडले तर जिची लक्षणे बरी दिसतात तिलाच ते मिळण्याचा धोका असतो आणि मग फरक औषधाचा की मुळातल्या प्रकृतीचा हे सांगता येत नाही. म्हणून ही निवड निव्वळ दैवयोगावर सोपवायची, आणि कुणाला काय मिळाले हे डॉक्टर व रुग्ण दोघांपासून लपवायचे, ही या पद्धतीची शिस्त. लवकर कळा लागलेल्या बायकांपैकी काहींना बीटामेथॅसोनची दोन इंजेक्शने चोवीस तासांच्या अंतराने दिली गेली, तर बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण कितीतरी सौम्य औषधाची. पहिल्या २८२ बायकांचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वसनाचा विकार बीटामेथॅसोन न मिळालेल्या गटातल्या २५.८ टक्के बाळांना झाला होता, बीटामेथॅसोनच्या गटात तो ९ टक्क्यांवर आला. पहिल्या काही दिवसांतले मृत्यू १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर उतरले. बत्तीस आठवड्यांच्या आतली आणि इंजेक्शनानंतर किमान एक दिवस पोटात राहिलेली बाळे वेगळी काढली तर विकाराचे प्रमाण ६९.६ विरुद्ध ११.८ टक्के होते.

एवढे आकडे समोर असताना जगभरच्या प्रसूतिगृहांनी हे औषध दुसऱ्या दिवसापासून वापरायला हवे होते. तसे झाले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची सहमती-परिषद भरवून या उपचाराची ठाम शिफारस केली ती १९९४ मध्ये. मधली बावीस वर्षे बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञ ते टाळत राहिले. गर्भावर संप्रेरकांचा परिणाम पुढे काय होईल ही भीती रास्त होती. पण त्याहून मोठी अडचण संख्याशास्त्राची होती. ऑकलंडनंतर अनेक देशांत लहान लहान चाचण्या झाल्या, आणि लहान चाचणीत खरा फरक असूनही तो योगायोगापासून वेगळा ओळखता येत नाही. अशा प्रत्येक चाचणीचा निष्कर्ष ‘फरक सिद्ध झाला नाही’ असा छापला जाई आणि वाचणारा तो ‘फरक नाही’ असा वाचत असे. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते न कळल्यामुळे किती बाळे गेली याची नेमकी संख्या सांगता येत नाही.

कोंडी फोडली ती बेरजेने, म्हणजे वेगवेगळ्या चाचण्यांचे निष्कर्ष त्यांच्या आकारमानानुसार वजन देऊन एकत्र करण्याच्या ‘मेटा-विश्लेषण’ या पद्धतीने. कल्पना नवी नव्हती; हिंदुस्थान आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश सैनिकांना टोचलेल्या विषमज्वराच्या लशीचे आकडे कार्ल पियर्सन यांनी १९०४ मध्येच अशा रीतीने एकत्र मांडले होते. प्रसूतिशास्त्रात हे काम ऑक्सफर्डमध्ये इअन चाल्मर्स यांच्याभोवती जमलेल्या गटाने हाती घेतले. डब्लिनच्या पॅट्रिशिया क्रॉली यांनी चाल्मर्स आणि कायर्से यांच्यासह १९९० मध्ये बारा चाचण्यांतल्या तीन हजारांहून अधिक सहभागींची माहिती एकत्र केली, तेव्हा संशयाला जागा उरली नाही. पुढे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन संस्थेने या विषयावरच्या सात चाचण्यांचा आलेखच आपले बोधचिन्ह म्हणून घेतला. त्यातली प्रत्येक आडवी रेषा एकेक चाचणी दाखवते. रेषा जितकी लांब तितकी अनिश्चितता अधिक, आणि ती मधल्या उभ्या रेषेला छेदत असेल तर ‘औषधाने काहीच घडले नाही’ ही शक्यता नाकारता येत नाही. बहुतेक रेषा तशाच छेदणाऱ्या आहेत. तळाशी मात्र सर्वांची बेरीज दाखवणारा छोटा चौकट-आकार उभ्या रेषेच्या डावीकडे स्वच्छ सुटा उभा आहे: औषध उपयोगी आहे. हे चिन्ह गौरवचिन्ह म्हणून मिरवले जाते. खरे तर ती वैद्यकाने स्वतःवर ठेवलेल्या आरोपाची नोंद आहे, कारण बेरीज करण्याजोगे आकडे ती बेरीज होण्याच्या कितीतरी आधी छापील स्वरूपात उपलब्ध होते.

ज्या रुग्णालयात ही चाचणी झाली त्याच्याच इतिहासात याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरणही आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व बदलांचे पुढे कर्करोगात रूपांतर होत नाही, अशा मतावर ठाम असलेल्या हर्बर्ट ग्रीन यांनी १९६६ पासून तिथे अनेक बायकांना पुरेसा उपचार न करता नुसते निरीक्षणाखाली ठेवले. तुलनेचा गट नव्हता, बायकांची संमती नव्हती, थांबायचे केव्हा याचा नियम नव्हता; कित्येकींना कर्करोग झाला. सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी १९८७ मध्ये हा प्रकार नियतकालिकातून उघड केला, सिल्व्हिया कार्टराइट यांच्या न्यायिक चौकशीचा अहवाल १९८८ मध्ये आला, आणि न्यूझीलंडची रुग्णहक्काची सारी व्यवस्था त्यातून उभी राहिली. एकाच छताखाली, जवळजवळ एकाच काळात, एका डॉक्टरने आपल्या लाडक्या अनुमानाला चुकीचे ठरण्याची पुरी संधी दिली आणि दुसऱ्याने ती नाकारली. संशोधनाची नीती आणि संशोधनाची रीत या वेगळ्या गोष्टी मानणाऱ्यांनी ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत.

श्रीमंत देशांतला प्रश्न १९९४ नंतर मिटला, पण अपुऱ्या दिवसांची बहुतांश बाळे जिथे जन्मतात आणि दगावतात त्या देशांतला तो तेव्हा सुरू झाला. इंजेक्शन स्वस्त, टोचणे सोपे. मग ते गावपातळीवर का देऊ नये, हा विचार सद्भावनेचाच होता. भारत सरकारने जून २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान कळा लागलेल्या बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी डेक्सामेथॅसोनचा पहिला डोस देण्याची मुभा एएनएमला, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिका-सुईणीला, दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘अ‍ॅक्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान, झांबिया आणि भारत या देशांत ती झाली, आणि भारतातली तिची दोन केंद्रे होती नागपूर व बेळगाव. तिच्यात व्यक्तींऐवजी अख्खे परिसर दैवयोगाने दोन गटांत विभागले होते, कारण तपासायचे होते ते एकट्या औषधाला नव्हे, तर ते खेड्यापाड्यांत पोहोचवण्याच्या संपूर्ण योजनेला. अठ्ठ्याण्णव हजारांहून अधिक जिवंत जन्मांची नोंद झाली. सर्वांत कमी वजनाच्या बाळांमधले मृत्यू घटले नाहीत. आणि सगळी बाळे मिळून पाहिले तर योजना राबवलेल्या परिसरांत दर हजार जिवंत जन्मांमागे २७.४ नवजात मृत्यू झाले, इतर परिसरांत २३.९. मातांमधल्या संशयित जंतुसंसर्गाचे प्रमाणही वाढलेले दिसले.

जे औषध ऑकलंडमध्ये बाळे वाचवत होते त्याच्याच योजनेत मृत्यू वाढावेत, याचा उलगडा औषधाच्या रसायनात शोधून भागत नाही. ऑकलंडच्या बाईचे दिवस माहीत होते आणि तिची प्रसूती रुग्णालयात, बालरोगतज्ज्ञ हाताशी असताना होत होती. खेड्यातल्या बाईला शेवटच्या पाळीची तारीख अनेकदा आठवत नाही, सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी झालेली नसते. म्हणून या चाचणीत पोटावर फीत धरून गर्भाशयाच्या उंचीवरून महिने ठरवावे लागले. त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्यांपैकी पुष्कळ बायका पुढे पूर्ण दिवसांनी बाळंत झाल्या, म्हणजे ज्यांना फायदा होण्याचा प्रश्नच नव्हता त्यांच्या वाट्याला फक्त धोका आला. संप्रेरकामुळे प्रतिकारशक्ती काही काळ दबते, हेही जंतुसंसर्ग जिथे नेहमीचाच आहे तिथे विसरून चालत नाही. मात्र वाढलेल्या मृत्यूंतला किती वाटा कशाचा, हे त्या आकड्यांतून नेमके वेगळे काढता आले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये या उपचाराला अटी घातल्या: दिवस खात्रीने माहीत असावेत, प्रसूती लवकरच होणार हे दिसत असावे, आईला जंतुसंसर्ग नसावा, प्रसूतीची आणि बाळाच्या शुश्रूषेची पुरेशी सोय असावी. आणि मग बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया व पाकिस्तान यांतल्या २९ रुग्णालयांत पुन्हा चाचणी केली. कळा लागलेल्या बाईला प्लासिबो देणे कितपत योग्य, हा प्रश्न तेव्हा टोचणारा होता; पण ‘अ‍ॅक्ट’नंतर उत्तर खरोखरच कुणाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसताना ठाऊक असल्यासारखे वागणे अधिक घातक ठरले असते. २८५२ बायकांच्या सहभागानंतर लाभ स्पष्ट दिसल्याने २०१९ पर्यंत चाललेली ही चाचणी नियोजित मुदतीआधीच थांबवली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले, म्हणजे साधारण पंचवीस बायकांना औषध दिल्यावर एक बाळ वाचते, आणि मातांमधला जंतुसंसर्ग वाढला नाही. सोनोग्राफीने दिवस ठरवलेले असणे ही इथली पायाभूत अट होती. गर्भलिंगनिदानाच्या गैरवापरामुळे या यंत्रावर कायद्याची कडक नजर आहे आणि ती असलीच पाहिजे. पण पहिल्या तीन महिन्यांतली, दिवस ठरवण्यापुरती सोनोग्राफी प्रत्येक गरोदर बाईपर्यंत पोहोचवणे हा आता या उपचाराचाच भाग झाला आहे.

या इतिहासातून महाराष्ट्रातल्या वैद्यकीय शिक्षणाने घ्यावी अशी एक गोष्ट अगदी हाताशी आहे. राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमडी-एमएस करणारा प्रत्येक विद्यार्थी प्रबंध लिहितो. प्रत्येकाचा विषय निराळा, रुग्णसंख्या तुटपुंजी, आणि संख्याशास्त्रज्ञाची भेट बहुधा सगळी माहिती गोळा झाल्यानंतर, ‘पी व्हॅल्यू’ काढून घेण्यापुरती. बावीस वर्षे ज्यामुळे वाया गेली त्याच लहान, सुट्या अभ्यासांची ही दरवर्षीची पेरणी आहे. त्याऐवजी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने महाराष्ट्रातल्या बायका-मुलांच्या निकडीचे मोजके प्रश्न निवडावेत, संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या दिवसापासून सोबत घेऊन एकच आराखडा ठरवावा, आणि नागपूरपासून कोल्हापूरपर्यंतच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या रुग्णालयात तोच राबवावा. प्रबंध तेवढेच होतील, खर्च फारसा वाढणार नाही, आणि तीन वर्षांच्या अखेरीस हाती येणारे आकडे कपाटात न राहता एखाद्या उपचाराचा निकाल लावण्याइतके मोठे असतील. विद्यापीठाने हे पुढच्या तुकडीपासून सुरू करावे.