मिलो येणार कुठून?

मुळा धरणाच्या फुगवट्यापलीकडं वावरथ आणि जांभळी ही राहुरी तालुक्यातली गावं आहेत. बाजारहाट असो, दवाखाना असो, तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं धरणाचं पाणी होडीनं ओलांडलं. धरणात जमिनी गेल्या, लोक वर डोंगराकडं सरकले, आणि तिथं त्यांना दुसरी हद्द आडवी आली ती के. के. रेंजची. नगर तालुक्यातल्या खारे कर्जुन्याच्या नावानं ओळखलं जाणारं हे लष्कराचं सरावक्षेत्र. नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचे रणगाडे इथं गोळे डागायला शिकतात. नगर, पारनेर आणि राहुरी मिळून २३ गावं या रेंजच्या छायेत येतात, त्यातली १२ राहुरीची. २०२० साली विस्ताराच्या आणि भूसंपादनाच्या बातमीनं या गावांत गहजब उडाला आणि विषय थेट संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या टेबलावर गेला.

तेव्हाच्या बैठका आणि निवेदनं आठवली की एक गोष्ट खटकते. चर्चा जमिनीची होती, दराची होती, एकदा धरणानं उठवलं आता रेंज उठवणार या रास्त संतापाची होती. आरोग्य कुठंच नव्हतं. ज्या कायद्यानं असे सराव चालतात तो १९३८ सालचा, इंग्रजांच्या काळातला. धोक्याच्या पट्ट्यातून माणसं काही वेळापुरती हलवायची आणि नुकसान झालं तर महसूल अधिकाऱ्यानं भरपाई ठरवायची, ही त्याची एकूण रीत. पीक तुडवलं गेलं, भिंत पडली, तर त्याची किंमत करता येते. पण डागलेल्या गोळ्यांचं तांबं-पितळ वेचायला रेंजमध्ये शिरलेली माणसं न फुटलेल्या गोळ्यानं मेल्याच्या बातम्या खारे कर्जुन्याच्या परिसरातून पुन्हा पुन्हा येत राहिल्या. ते मरण अपघाताच्या वहीत जातं, आरोग्याच्या नाही. सरकारी हद्दीत शिरण्याची चूक त्यांचीच, असं म्हणून विषय मिटतो. जीव धोक्यात घालून भंगार वेचायची वेळ का येते, हा प्रश्न ना लष्कराच्या खात्याचा, ना आरोग्य खात्याचा.

आता यात अणुबॉम्ब कुठून आला, असं कुणी विचारेल. पोखरणही मुळात लष्कराचं गोळाबारीचं रेंजच आहे. १९७४ आणि १९९८ चे स्फोट तिथंच झाले. शेजारच्या खेतोलाई गावातल्या भिंतींना ९८ साली तडे गेले आणि पुढं आजारांच्या तक्रारी तिथले लोक वर्षानुवर्षं करत आले. खेतोलाई आणि खारे कर्जुने यांच्यात शस्त्राचा फरक प्रचंड आहे, हिशेबाची पद्धत मात्र तीच. सुरक्षेच्या वहीत जमीन, पैसा, शत्रू आणि इभ्रत यांना रकाने आहेत. माणसाच्या प्रकृतीचा रकाना कोरा.

तो नेहमीच कोरा नव्हता, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली आणि खलाशी आजारी पडले. महिन्याभरानं, २ एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. एवढ्यावर न थांबता भारत सरकारनं १९५६ साली अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम या विषयावर एक पुस्तकच काढलं. पदार्थवैज्ञानिक दौलतसिंग कोठारी हे त्याचे मुख्य लेखक, सोबत अणुऊर्जा खात्याचे प्रमुख होमी भाभा आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर. प्रस्तावना नेहरूंची.

खानोलकर हे नाव आज मराठी वाचकाला सांगावं लागतं, हे काही आपल्याला शोभत नाही. गोमंतकी घराण्यातला हा माणूस भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बसून त्यांनी देशी माणसाच्या देशी कर्करोगांचा माग काढला: तंबाखूनं होणारा तोंडाचा, आणि कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या काचणीनं कातडीला होणारा. पेशीच्या तुकड्यावरून माणसाच्या राहणीपर्यंत जायचं, ही त्यांची नजर. असा माणूस अणुबॉम्बच्या पुस्तकात घेतला गेला, यातच त्या काळच्या सरकारची समज दिसते. बॉम्ब म्हणजे पदार्थविज्ञान आणि परराष्ट्रनीती इतकंच नव्हे. त्यात विकृतिशास्त्रज्ञाला खुर्ची हवी, असं त्या वेळी दिल्लीत वाटत होतं.

तेव्हा काळजी होती ती अदृश्य राखेची. हिरोशिमानं जळालेली माणसं दाखवली होती. शहरातले नव्वद टक्क्यांहून अधिक डॉक्टर आणि परिचारिका मेल्या वा जायबंदी झाल्या, त्यामुळं उपचार करणारेच उरले नाहीत, हेही दाखवलं होतं. पन्नाशीच्या दशकानं त्यात भर घातली ती अंतराची. स्फोट हजारो मैलांवर, आणि स्ट्राँशियम-९० गाईच्या दुधातून लेकरांच्या हाडात. कॅल्शियमसारखा वागणारा हा पदार्थ शरीराला ओळखू येत नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरातल्या आईबापांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात पाकिटात घालून शास्त्रज्ञांकडं पाठवले. मोजदाद पुढं तीन लाखांच्या घरात गेली. १९६३ साली जमिनीवरच्या, पाण्यातल्या आणि आकाशातल्या चाचण्या बंद करणारा करार झाला, त्यामागं या दातांचा दबाव होता. भारतानं त्या करारावर सही केली. पोखरणचे स्फोट जमिनीखाली का झाले, याचं एक उत्तर तिथं आहे.

मग आपल्याकडं काय घडलं? १९६२ साली टाटा रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडं आलं. १९४१ साली टाटांच्या ट्रस्टनं उभं केलेलं, १९५७ पासून आरोग्य मंत्रालयाकडं असलेलं हे रुग्णालय भाभांच्या खात्यात जाणं तेव्हा तर्काला धरूनच होतं: किरणोपचार, कोबाल्ट, समस्थानिकं. त्याचा लाभ आजही होतो. राहुरीतल्या एखाद्या घरात गाठ निघाली की सोनोग्राफीच्या रिपोर्टसोबत 'टाटाला न्या' हा सल्ला येतोच. पेशंटला घेऊन परळच्या फुटपाथवर रात्र काढलेले लोक नगर जिल्ह्यातल्या गावोगावी भेटतील. भाभाट्रॉन हे देशी कोबाल्टयंत्र ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी घडवलं. ट्रॉम्बे आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांच्या मेळातून किरणांनी सुधारलेलं भुईमुगाचं वाण निघालं. लासलगावात २००२ पासून कांद्यावर किरणांचा मारा करणारं केंद्र आहे. ही यादी खरी आहे, आणि तिची टर उडवण्यात मला रस नाही.

पण ज्या खात्याकडं कर्करोगाचा दवाखाना आहे त्याच खात्याच्या सायरस अणुभट्टीतलं प्लुटोनियम १९७४ च्या स्फोटात वापरलं गेलं. उपचार आणि शस्त्र एकाच छपराखाली आले आणि हळूहळू 'अणू आणि आरोग्य' या विषयाचा अर्थ फक्त उपकार असा होऊन बसला. छपन्न साली ज्या प्रश्नासाठी खानोलकरांना बोलावलं गेलं, तो प्रश्न विचारायला पुढच्या काळात सरकारात कुणी मोकळं राहिलं नाही.

त्याचा नमुना फार लवकर दिसला. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीननं पहिला बॉम्ब फोडला. आठवड्याभरानं, २४ ऑक्टोबरला, भाभा आकाशवाणीवरून बोलले. भाषणाचा विषय नि:शस्त्रीकरणाचा होता, पण लोकांच्या लक्षात राहिले ते आकडे: दहा किलोटनांचा बॉम्ब सुमारे साडेसतरा लाख रुपयांत, आणि पन्नास बॉम्बांचा साठा दहा कोटींच्या आत. अमेरिकेत शांततेच्या कामासाठीच्या स्फोटांचे जे दर सांगितले जात, त्यावर हा हिशेब बेतला होता. संसदेत आणि वर्तमानपत्रांत बॉम्ब हवा म्हणणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं. संरक्षणमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते, पंतप्रधान शास्त्री. शास्त्रींनी लगेच बॉम्ब करायला नकार दिला, पण वाद रंगला तो खर्च परवडतो की नाही यावर. आठ वर्षांपूर्वी याच भाभांचं नाव ज्या पुस्तकावर होतं, त्यातली हाडं आणि पुढच्या पिढ्या या हिशेबात आल्या नाहीत. बॉम्ब करायला किती लागतात, हे सांगितलं गेलं. पडला तर किती लागतील, हे कुणी विचारलं नाही.

जगात मात्र डॉक्टरांनी विषय सोडला नाही. १९८० साली अमेरिकी आणि सोव्हिएत हृदयरोगतज्ज्ञांनी मिळून अणुयुद्धविरोधी संघटना काढली. १९८५ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्याच दशकात निष्कर्ष काढला की अणुयुद्धानंतरच्या जखमींना सांभाळू शकेल अशी आरोग्यसेवा जगात कुठंच नाही, म्हणून प्रतिबंध हाच उपचार. पटकी-देवीबद्दल डॉक्टर जे बोलत आले तेच आता बॉम्बबद्दल बोलू लागले.

या विचाराचा एक धागा आपल्या जिल्ह्यातूनही जातो. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं; निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेल्या एका ग्रंथात जामखेडचा प्रयोग आला, आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनं प्राथमिक आरोग्यसेवेच्या जाहीरनाम्याची जी भाषा घडवली तिला अशाच प्रयोगांचा आधार होता. अल्मा-आटा आपल्याकडच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवलं जातं. त्याचं शेवटचं कलम मात्र सहसा घाईत उरकतात. जगाची साधनं शस्त्रास्त्रांवर आणि लढायांवर खर्च होतात, ती शांतता आणि नि:शस्त्रीकरणातून मोकळी झाली तर सर्वांना आरोग्य देता येईल, असं ते कलम सांगतं. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि क्षेपणास्त्र एका कागदावर आणणारी ही कल्पना कुण्या शांततावादी गटाची नव्हती. सरकारांच्या प्रतिनिधींनी ती मान्य केली होती.

कल्पनेचा पुढचा टप्पा राहुरीच्या वेशीशी येतो, कारण तो शेतीचा आहे. १९८३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी मांडलं की जळणाऱ्या शहरांचा काजळीभरला धूर वरच्या वातावरणात जाऊन सूर्य झाकेल. तेव्हा डोळ्यांसमोर महासत्तांचं युद्ध होतं. २००७ साली ॲलन रोबॉक, ब्रायन टून आणि सहकाऱ्यांनी भारत-पाकिस्तानचं उदाहरण घेतलं: हिरोशिमाच्या आकाराचे शंभर बॉम्ब, पन्नास लाख टन काजळी, काही वर्षं थंडावलेली पृथ्वी, घटलेला पाऊस. २०२२ च्या एका अभ्यासात याच दोन देशांतल्या, पण याहून मोठ्या अणुयुद्धानंतरच्या उपासमारीत दोन अब्जांहून जास्त माणसं मरू शकतील असा अंदाज आला. यावर वाद आहे. शहरं किती जळतील, धूर किती उंच जाईल, यावर उत्तर बदलतं. लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये परिणाम बराच सौम्य दाखवला. पण वाद आकड्यांचा आहे, प्रश्नाचा नाही.

आणि तो प्रश्न विचारण्याची जागा म्हणून मला राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ दिसतं. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं अर्धं आयुष्य अवर्षणाशी झगडण्यात गेलं. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, नवी वाणं, ओल धरून ठेवायच्या रीती, कोरडवाहूचं सगळं शास्त्र. शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, मुरलेल्या ओलीवर तो वाढतो आणि फुलोऱ्यात नको तेवढी थंडी पडली की कणसात दाणा भरत नाही. जगाचं तापमान सरासरी अंशभरानं उतरणं हे वर्तमानपत्रात किरकोळ वाटतं. भारी काळ्या रानातल्या शाळूला ते किरकोळ नाही. पाऊस इथं चांगल्या वर्षीही पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आगेमागे.

बहात्तरचा दुष्काळ नगर जिल्ह्यानं अंगावर काढला. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळाली, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आला. त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, जुनी माणसं अजून तोंड वेडंवाकडं करून सांगतात. सोव्हिएत रशियानंही १९७३ मध्ये वीस लाख टन गहू उसना दिला. जनावरं गेली, माणसं खंगली, पण जगली, कारण इथं पिकलं नाही तेव्हा दुसरीकडं पिकलं होतं आणि तिथून जहाज निघू शकत होतं. आपली दुष्काळाची सगळी यंत्रणा, पैसेवारीपासून चारा छावणीपर्यंत, 'बाहेर' नावाची जागा शिल्लक आहे या गृहीतावर उभी आहे. अणुयुद्धानंतरच्या दुष्काळात आयोवातही थंडी आणि युक्रेनातही थंडी. प्रत्येक देश आपली कोठारं बंद करणार.

बॉम्ब आहे म्हणून मोठं युद्ध टळलं, हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. नगर हे फौजी शहर आहे, सैन्यातली मुलं इथल्या घरांतून गेली आहेत, आणि सीमेवरच्या माणसाचं भय आपण घरात बसून मोडीत काढू नये. कारगिल अणुचाचण्यांनंतर वर्षभरात झालं आणि मर्यादित राहिलं, याचं श्रेय बॉम्बला देणारे लोक अभ्यासू आहेत. मात्र बॉम्बनं टाळलेल्या युद्धांचा हिशेब मांडायचा आणि टाळता न येणाऱ्या एका युद्धाचा हिशेब गुप्ततेच्या नावाखाली बाजूला ठेवायचा, हे एकाच वहीत चालत नाही. काजळी कुणाच्या बॉम्बनं उठली, याचा शाळूशी संबंध नसतो. आपण पहिला वार करणार नाही, हे धोरण नैतिकदृष्ट्या चांगलं आहे. धान्याच्या दृष्टीनं त्यानं काही फरक पडत नाही.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं ठराव करून अणुयुद्धाच्या आरोग्य-परिणामांचा ऐंशीच्या दशकातला अभ्यास नव्यानं करायचं ठरवलं. त्या कामात हवामानाचे अभ्यासक असतील, किरणोत्साराचे असतील. शाळूच्या थंडीबद्दल मात्र त्यांना कळवावं लागेल ते राहुरीहून. १९५६ साली दिल्लीनं मुंबईहून एक विकृतिशास्त्रज्ञ मागवून घेतला होता. आता कृषी विद्यापीठातून एक पीकशास्त्रज्ञ आणि जिल्हा रुग्णालयातून एक आहारतज्ज्ञ मागवायला कुठल्या गुप्त फाईलची परवानगी लागत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात पूर आणि दुष्काळ यांच्यापुढं आणखी एक ओळ घालायची, आणि तिच्यासमोर लिहायचं की दोन हंगाम बाहेरून एक पोतंही आलं नाही तर राहुरी तालुका किती महिने जेवेल.